माध्यम, वेळ आणि सामूहिक शिस्त : निफाड परिसराच्या संदर्भात स्मार्टफोन वापराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका गोदावरी व कादवा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला, द्राक्ष, कांदा, ऊस व गहू या पिकांसाठी प्रसिद्ध असलेला संपन्न शेतीप्रदेश आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मस्थान (१८ जानेवारी १८४२) म्हणूनही निफाड महाराष्ट्राला परिचित आहे. १९४७ साली स्थापन झालेली लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती याच तालुक्यात असून निफाड व विंचूर येथे तिचे उपबाजार आहेत. पिंपळगाव बसवंत येथील बाजारपेठही याच तालुक्यातील होय. अशा बाजाराभिमुख शेतीप्रदेशात माहितीला नेहमीच पैशाची किंमत राहिली आहे. आज ती माहिती मुख्यतः स्मार्टफोनद्वारे येते.

कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, द्राक्षबागेवरील भुरी व डाऊनीच्या बंदोबस्ताचा सल्ला आणि बँकेचा व्यवहार ज्या उपकरणावर होतो, त्याच उपकरणावर घरातील विद्यार्थी अभ्यासाची चित्रफीत पाहतो व पुढे तासन्‌तास करमणुकीत गुंतून राहतो. त्यामुळे स्मार्टफोनविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला तो प्रगतीचे साधन ठरतो, तर दुसऱ्या टोकाला तरुण पिढीच्या ऱ्हासाचे कारण. या दोन्ही भूमिकांत एक समान गृहीतक आहे. फायदा किंवा विचलन हा उपकरणाचाच गुण आहे, असे दोन्ही बाजू मानतात. हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) ग्रंथ, नभोवाणी, दूरदर्शन व दूरध्वनी या पूर्वीच्या माध्यमांचा वापर समाजाने कोणत्या व्यवस्थेतून केला, याचा आढावा घेणे.
२) शेतकरी व विद्यार्थी या दोन घटकांच्या संदर्भात स्मार्टफोनचे लाभ व मर्यादा तपासणे.
३) महाराष्ट्रातील गावांनी अलीकडे केलेल्या सामूहिक नियमनाच्या प्रयोगांचे मूल्यमापन करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित अहवाल, सर्वेक्षणे व ग्रंथ या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

ग्रंथ व व्याख्यान : एकोणिसाव्या शतकातील व्यवस्था

मुद्रित ग्रंथ हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचे नवे माध्यम होते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. वाचनालय म्हणजे केवळ पुस्तकांचा साठा नव्हता. ठरावीक वेळी उघडणारी, शांततेचा नियम पाळणारी व पुस्तक परत करण्याची मुदत घालणारी ती संस्था होती. पुण्यात १८७५ साली न्या. रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचेही स्वरूप असेच होते. तिचा ऋतू ठरलेला होता, वेळ ठरलेली होती आणि श्रोते एकत्र बसून ऐकत असत. नव्या ज्ञानाला त्या पिढीने अशी सार्वजनिक चौकट दिली.

मात्र याच काळात नव्या माध्यमाविषयीच्या शंकेची दुसरी बाजूही दिसते. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात त्यांच्या शिक्षणाला घरातील स्त्रियांकडून झालेल्या विरोधाचे तपशीलवार वर्णन आहे. सुनेने वाचणे, लिहिणे, इंग्रजी शिकणे म्हणजे घरकाम व मर्यादा यांपासून ढळणे, अशी तत्कालीन समजूत होती. वाचनाने चित्त विचलित होते, हा आक्षेप त्या काळी सर्वांना सारखा लागू नव्हता. तो प्रामुख्याने ज्यांच्या हाती नवे साधन येऊ नये असे वाटत होते, त्यांनाच लावला जात असे. स्मार्टफोनविषयीच्या आजच्या चर्चेत ही बाब ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

पुणे आकाशवाणीचा १९५६ चा प्रयोग

माध्यमाचा लाभ कशावर अवलंबून असतो, याचा पद्धतशीर पुरावा देणारा एक महत्त्वाचा प्रयोग मराठी मुलखातच झाला. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत नभोवाणी ग्रामीण श्रोतृमंडळांचा उपक्रम राबविला. या पाच जिल्ह्यांत नाशिकचा समावेश होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावातील निवडक मंडळी ठरलेल्या वेळी एकत्र जमत, कार्यक्रम ऐकत आणि त्यानंतर त्यावर चर्चा करीत. चर्चेतून निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठविले जात व पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे या उपक्रमाचे सूत्र होते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. मूल्यमापनात श्रोतृमंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली होती. ज्या गावांत मंडळे होती, तेथील लोकांच्या शेतीविषयक ज्ञानात लक्षणीय वाढ दिसून आली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे तशी वाढ झाली नाही. पुढे ही योजना देशाच्या इतर भागांतही स्वीकारण्यात आली.

या निष्कर्षाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. रेडिओ दोन्ही प्रकारच्या गावांत होता. फरक पाडला तो ठरलेली वेळ, एकत्र बसणे, चर्चा करणे व प्रश्न विचारण्याची सोय या चार गोष्टींनी. म्हणजे लाभ केवळ यंत्रातून निर्माण झाला नाही. यंत्राभोवती उभारलेल्या सामूहिक व्यवस्थेने तो घडवून आणला.

दूरदर्शन व दूरध्वनी : वेळ आणि जागा यांची बंधने

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शेतकऱ्यांसाठीचा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी पाहिला जाई. १९८७-८८ मध्ये दर रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिकेच्या वेळी गावोगावचे रस्ते ओस पडत. ज्या घरी दूरचित्रवाणी संच असे, तेथे शेजारीपाजारी जमत. मुलांच्या अभ्यासाविषयीची पालकांची तक्रार तेव्हाही होती. परंतु मालिका ठरल्या वेळी सुरू होई आणि ठरल्या वेळी संपे. विचलनाला वेळापत्रकाची मर्यादा होती.

दूरध्वनीला जागेची मर्यादा होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एसटीडी-पीसीओ बूथ तालुक्याच्या गावांत व मोठ्या खेड्यांत पसरले. बूथवर समोरच्या यंत्रात आकडा वाढत असे आणि मागे रांग उभी असे, त्यामुळे बोलणे कामापुरतेच होई. भारतात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचे शुल्क बंद झाल्यावर भ्रमणध्वनी सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचा दर झपाट्याने उतरला आणि ग्रामीण घराघरांत स्मार्टफोन पोहोचला.

या टप्प्याचे ऐतिहासिक वेगळेपण असे की, स्मार्टफोनने ग्रंथ, रेडिओ, दूरचित्रवाणी, दूरध्वनी, पत्र व बाजारपत्रक ही सर्व माध्यमे एका खिशात आणली. त्याच वेळी त्या प्रत्येकाभोवती असलेली वेळेची, जागेची व सोबतीची चौकट त्याने मोडून टाकली. वाचनालय संध्याकाळी बंद होई, मालिका संपे, बूथवरील रांग माणसाला थांबवी. बोटाने सरकवीत नेल्यास न संपणारा मजकूर व सतत येणाऱ्या सूचना यांना असा शेवट नाही. किंबहुना वापरणाऱ्याने अधिकाधिक काळ तेथेच राहावे, याच हेतूने त्यांची रचना केलेली असते. पूर्वी माध्यमाच्या स्वरूपातच असलेली मर्यादा आता समाजाला जाणीवपूर्वक निर्माण करावी लागत आहे.

बाजारभाव आणि भ्रमणध्वनी : लाभाची खरी मर्यादा

भ्रमणध्वनीच्या आर्थिक लाभाचे सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण केरळचे आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर भ्रमणध्वनी आल्यानंतर मच्छीमार समुद्रातूनच निरनिराळ्या बंदरांतील भाव विचारू लागले. मासळी वाया जाण्याचे थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला व ग्राहकांना मिळणारा भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला.

महाराष्ट्रातील अनुभव मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. २००७ पासून ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा राज्यातील शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान व पीकसल्ला लघुसंदेशाद्वारे पुरवीत होती. मार्सेल फाफशां व बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांत या सेवेचा नियंत्रित प्रयोग केला. अभ्यासलेल्या पिकांत कांद्याचा समावेश होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना इतरांपेक्षा सरासरी अधिक भाव मिळाल्याचे आढळले नाही. विक्रीचे ठिकाण बदलण्याच्या बाबतीत काही प्रमाणात फरक पडला, तेवढाच.

केरळ व महाराष्ट्र यांतील हा फरक निफाड परिसराच्या व्यवहारावरून समजू शकतो. होडीतील मच्छीमार दुसऱ्या बंदराकडे वळू शकतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीत मोकळा कांदा भरून लासलगावच्या आवारात आलेल्या शेतकऱ्याला पिंपळगावचा भाव मोबाईलवर दिसला, तरी भाड्याचा खर्च, लिलावाची वेळ व मालाची प्रत यांचा विचार करावा लागतो. माहितीचा खरा उपयोग होतो तो माल घराबाहेर पडण्यापूर्वी. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, म्हणून चाळ केव्हा फोडावयाची या निर्णयात रोजच्या भावाची माहिती मोलाची ठरते. ज्याच्याकडे चाळ नाही, किंवा देणे भागविण्यासाठी ज्याला ताबडतोब माल विकावा लागतो, त्याच्या बाबतीत तीच माहिती निरुपयोगी ठरते.

धोरणात्मक निर्णयांच्या वेळी ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागू केली. ती ४ मे २०२४ रोजी उठविण्यात आली. या निर्णयांची बातमी स्मार्टफोनमुळे क्षणार्धात सर्वत्र पोहोचली, परंतु ती व्यापारी व शेतकरी या दोघांनाही एकाच वेळी कळली. बातमी लवकर कळल्याने शेतकऱ्याची सौदाशक्ती वाढली नाही.

याउलट द्राक्षशेतीत माहितीचा लाभ तुलनेने ठळक आहे. कडाक्याच्या थंडीचा अंदाज आधी मिळाल्यास बागेत शेकोट्या पेटवून ऊब देता येते. अवकाळी पावसाचा इशारा मिळाल्यास फवारणीचे नियोजन बदलता येते. युरोपकडे जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ पासून सुरू केलेल्या ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत बागेची नोंदणी व उर्वरित अंश तपासणी यांची संगणकीय साखळी आहे. म्हणजे येथेही माहितीमागे नोंदणी, प्रयोगशाळा व निर्यातदार अशी संघटित यंत्रणा उभी आहे. १९५६ च्या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष बाजाराच्या क्षेत्रातही खरा ठरतो.

विद्यार्थी आणि विचलन

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि स्मार्टफोन हाच वर्ग बनला. तोपर्यंत ‘मोबाईल बाजूला ठेव’ असे सांगणाऱ्या पालकांनीच उसनवारी करून मुलांना मोबाईल घेऊन दिले. ‘असर’ सर्वेक्षणानुसार देशातील ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के व २०२२ मध्ये ७४.८ टक्के झाले. शाळा पुन्हा उघडल्या, परंतु उपकरण विद्यार्थ्याच्या हातीच राहिले.

‘असर २०२४’ नुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो शैक्षणिक कामासाठी वापरला, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला. हे दोन आकडे परस्परांना छेद देणारे नाहीत. बहुसंख्य मुले दोन्ही गोष्टी करतात आणि त्या एकाच बैठकीत, एकाच पडद्यावर करतात. अडचण नेमकी येथेच आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद केल्याप्रमाणे, एकदा लक्ष विचलित झाल्यावर ते पुन्हा अभ्यासावर केंद्रित होण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. पन्नास मिनिटांच्या तासिकेच्या दृष्टीने हे नुकसान मोठे आहे. याच अहवालात जगातील चारपैकी एकाहून कमी देशांनी शाळांमध्ये स्मार्टफोनवर कायद्याने वा धोरणाने बंदी घातल्याची नोंद होती. त्यानंतर अशा देशांची संख्या वाढत गेली आहे.

मात्र विद्यार्थ्याच्या मनोनिग्रहाला आवाहन करून हा प्रश्न सुटेल, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. वसंत व्याख्यानमालेचा श्रोता किंवा श्रोतृमंडळाचा शेतकरी आजच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक संयमी होता, असे म्हणण्यास आधार नाही. त्याचे अवधान टिकविणारी व्यवस्था त्याच्याभोवती होती. आजचा विद्यार्थी मात्र अवधान खेचून घेणाऱ्या अत्यंत प्रगत यंत्रणेसमोर एकटा बसलेला आहे.

मोहित्यांचे वडगाव व बान्सी : दोन गावे, दोन मार्ग

सामूहिक व्यवस्थेचा अलीकडील ठळक प्रयत्न सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने केला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजताच घरोघरी मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद करावयाचे, मुलांनी अभ्यासाला बसावयाचे व मोठ्यांनी वाचन किंवा परस्परांशी संवाद करावयाचा, असे ठरले. साडेआठच्या भोंग्याने हा अवधी संपत असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला.

दोन्ही निर्णयांमागील चिंता एकच असली, तरी त्यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. बान्सीचा नियम वयावर आधारलेला असून तो फक्त मुलांना बांधतो. वडगावचा नियम वेळेवर आधारलेला असून तो लहानथोर सर्वांना बांधतो. पहिल्या मार्गात शैक्षणिक उपयोगाची वाटही अरुंद होते आणि मोठ्यांचे वर्तन प्रश्नांकित होत नाही. दुसऱ्या मार्गात दिवसाचे उरलेले तास उपकरणाच्या लाभासाठी मोकळे राहतात. शेतकऱ्याला भाव पाहण्यास किंवा विद्यार्थ्याला चित्रफीत पाहण्यास मज्जाव होत नाही. श्रोतृमंडळांनी ऐकण्याची वेळ ठरविली होती, वडगावने न पाहण्याची वेळ ठरविली. दोहोंमागील तत्त्व एकच आहे.

नियम समान असण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. ‘असर २०२३’ नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींच्या बाबतीत हे प्रमाण केवळ १९.८ टक्के होते. अशा विषम परिस्थितीत ‘मोबाईलमुळे मुली बिघडतात’ या भीतीपोटी घातलेली बंधने रमाबाईंच्या काळातील आक्षेपाचीच पुनरावृत्ती ठरतात. मुलाच्या हातातील फोन अभ्यासाचे साधन आणि मुलीच्या हातातील फोन संशयाचे कारण, असा भेद ज्या नियमात आहे, त्या नियमाला संतुलन म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) माध्यमाचा लाभ किंवा विचलन हे उपकरणापेक्षा त्याभोवतीच्या सामाजिक व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. १९५६ च्या पुणे आकाशवाणीच्या प्रयोगाने याचा स्पष्ट पुरावा दिला आहे.

२) पूर्वीच्या माध्यमांना वेळ व जागा यांची अंगभूत मर्यादा होती. स्मार्टफोनने ती नाहीशी केल्यामुळे मर्यादा ठरविण्याची जबाबदारी आता कुटुंब, गाव व शिक्षणसंस्था यांच्यावर आली आहे.

३) शेतकऱ्याच्या दृष्टीने भावाची माहिती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. साठवणूक, वाहतूक व स्थिर धोरण यांची जोड नसल्यास माहितीचे रूपांतर उत्पन्नात होत नाही.

४) वयावर किंवा लिंगावर आधारित बंदीपेक्षा सर्वांना समान लागू होणारा वेळेचा नियम अधिक न्याय्य व व्यवहार्य ठरतो.

महाविद्यालयांच्या संदर्भात या निष्कर्षांचा अर्थ स्पष्ट आहे. प्रवेशद्वारावर बंदीचा फलक लावणे आणि त्याच वेळी सूचना, गृहपाठ व परीक्षेचे वेळापत्रक व्हॉट्सॲपवरच पाठविणे, ही विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्याऐवजी तासिका व ग्रंथालय यांच्या वेळात फोन बाजूला ठेवण्याचा नियम करावा आणि तो प्राध्यापकांनाही लागू असावा. ज्या तासिकेत उपकरणाचा शैक्षणिक उपयोग अभिप्रेत आहे, ती आधी जाहीर करावी व तीत पाहण्यानंतर चर्चेला निश्चित वेळ द्यावा. शैक्षणिक सूचनांसाठी दिवसातील ठरावीक वेळ असावी, म्हणजे एका सूचनेसाठी दिवसभर फोन हाती धरण्याचे कारण विद्यार्थ्याला उरणार नाही. निफाडसारख्या तालुक्यात शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने महाविद्यालयात येतात. घरच्या चाळीतील कांद्याचा आजचा भाव मोबाईलवर पाहून तो तक्त्यात मांडणे व त्यावर वर्गात चर्चा करणे, हे अर्थशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या तासिकेत सहज शक्य आहे. श्रोतृमंडळाची पद्धत सात दशकांनंतर वर्गात आणण्यास कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. त्यासाठी ठरलेली वेळ, एकत्र बसणे आणि शिक्षकाचे स्वतःचे आचरण एवढेच आवश्यक आहे.